गाडीचं नाक खाली आणायचं तर चाकाची खुंटी वर न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: १/२४ मापाच्या प्लॅस्टिक किटमधून केलेली एक साधी चार दारांची गाडी जवळजवळ पूर्ण होत आली आहे. मागची चाकं मडगार्डखाली नीट बसली आहेत, पण पुढच्या चाकांवर मोठी फट दिसते आणि गाडीचं नाक वर गेल्यासारखं वाटतं. पुढची बाजू दोनेक मिलिमीटर खाली आणायची आहे, चाकं डावी-उजवीकडे वळती राहायला हवीत. त्यासाठी स्प्रिंगा कापाव्यात का?

स्प्रिंगांना हात लावू नका. खऱ्या गाडीत स्प्रिंग भार पेलते, म्हणून ती कापली की गाडी खाली बसते. १/२४ च्या बहुतेक किटमध्ये मात्र स्प्रिंग म्हणजे स्ट्रटबरोबरच (चाकाला वर चॅसीशी, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याशी, जोडणारा उभा खांब) साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा आकार. तिच्यावर कसलाच भार नसतो. ती अर्धी कापलीत तर एक तर चाक जागच्या जागी राहील, नाही तर स्ट्रटचा वरचा आधार जाऊन ते लोंबकळायला लागेल. १/१२ किंवा १/८ अशा मोठ्या मापाच्या काही किटमध्ये खऱ्या तारेच्या स्प्रिंगा असतात, तिथे गोष्ट वेगळी. तुमचं किट त्यातलं नाही.

तुमच्या मॉडेलची पुढची उंची तीन गोष्टी ठरवतात. चाक ज्या खुंटीवर बसतं ती खुंटी चॅसीच्या मानाने किती वर आहे. चॅसी बॉडीत किती आत बसली आहे. आणि टायरची त्रिज्या किती आहे. बाकी सगळं, म्हणजे विशबोन (चाक धरणारे आडवे हात), स्ट्रट, स्प्रिंग, अँटिरोल बार, हे दिसण्यापुरतं. यातली नेमकी कोणती गोष्ट चुकली आहे हे कळल्याशिवाय करवत उचलू नये. नाक वर असण्याचं कारण सस्पेन्शन नसून भलतंच काही असणं फार वेळा घडतं, आणि चुकीच्या जागी दोन मिलिमीटर कापले की ते परत भरणं हे दुप्पट काम असतं.

म्हणून आधी बॉडी तपासा. पुढची चाकं काढा, चॅसी बॉडीत बसवा आणि दाराखालच्या काठाशी चॅसीची कड कशी जुळते ते पुढून आणि मागून कॅलिपरने मोजा. पुढे अंतर जास्त असेल तर बॉडी पूर्ण खाली बसलेलीच नाही. विंडस्क्रीनच्या खालच्या भागावर, बोनेट जिथे संपतं तिथे, बोटाने हलकं दाबा. फट मिटली तर सस्पेन्शन निर्दोष आहे. दोषी बहुतेकदा यांपैकी एक असतो: डॅशबोर्डची टोकं काचेच्या आतल्या कडेवर टेकतात, रेडिएटरची चौकट पुढच्या पट्टीला अडते, एअर फिल्टर बोनेटला खालून ढकलतो, किंवा आतल्या तबकाच्या (ज्यात सीटा बसतात तो भाग) कडेवर रंगाचे थर चढून ते जाड झालेलं असतं. रंगाचं हे कारण लोकांना खरं वाटत नाही, पण प्रायमर, रंग आणि लॅकर असे थर दोन्ही बाजूंनी चढले की घट्ट बसणारा सांधा बसेनासा होतो.

नेमकं कुठे टेकतंय हे शोधायला पोस्टर चिकटवायचा मऊ गोळा घ्या. संशय असेल त्या प्रत्येक जागी मोहरीएवढा तुकडा ठेवा, बॉडी दाबून बसवा, पुन्हा उघडा. जो तुकडा कागदासारखा चपटा झाला असेल तिथे घासायचं. जो गोलच राहिला तिथे काही अडत नाही. डॅशबोर्डची टोकं अर्धा मिलिमीटर घासल्याने गाडीचं नाक एक मिलिमीटर खाली आलेलं मी पाहिलं आहे, कारण अडथळा कुठल्या बाजूला आहे यावर बॉडीचं कलणं ठरतं.

दुसरी तपासणी चॅसीची. काचेच्या सपाट तुकड्यावर नुसती चॅसी ठेवा. ती डुगडुगत असेल किंवा मधे कमान असेल तर तो वाक आधी काढा. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा उकळतं पाणी नको. हात पटकन मागे घ्यावा लागेल इतपत गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, काचेवर दाबून धरा आणि तसंच दाबात गार होऊ द्या.

तिसरी तपासणी टायरची, आणि इथे बरेच जण फसतात. चाकावर फट मोठी दिसणं आणि गाडी उंच असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायर लहान असेल तरी फट मोठी दिसते. खऱ्या गाडीच्या टायरवरचा आकडा माहीत असेल तर हिशेब सोपा आहे. उदाहरणार्थ १९५/६५ आर १५: रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची १९५ च्या ६५ टक्के, ती वर आणि खाली मिळून २५३.५, एकूण व्यास ६३४.५ मिलिमीटर. भागिले २४ केले की २६.४. किटमधला टायर २५ मिलिमीटरच निघाला तर गाडी खाली आणण्याऐवजी टायर बदलणं हाच उपाय. मोठा टायर लावल्यावर गाडी व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने उचलली जाते खरी, पण फट तेवढीच भरून निघते.

या गोंधळातून सुटण्यासाठी उंची जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. या मापात टायरचा संबंधच येत नाही, त्यामुळे सस्पेन्शन कुठे आहे ते नेमकं कळतं. हेच माप खऱ्या गाडीच्या फोटोतून काढता येतं. फोटो बाजूने, लांबून आणि साधारण चाकाच्या उंचीवरून काढलेला हवा. जवळून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत मापं ताणली जातात. पडद्यावर टायरचा आडवा व्यास मोजा (उभा नको, तो गाडीच्या वजनाने दबलेला असतो) आणि मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजा. समजा व्यास १२० आणि अंतर ६८ भरलं. ६८ भागिले १२० गुणिले ६३४.५, म्हणजे खऱ्या गाडीत सुमारे ३६० मिलिमीटर, आणि १/२४ मध्ये १५. तुमच्या मॉडेलवर १७ भरत असेल तर तुमचे दोन मिलिमीटर बरोबर आहेत. १५.७ भरत असेल तर नाही.

हे सांगतोय कारण ‘दोनेक मिलिमीटर’ हा आकडा बहुतेक वेळा डोळ्याने ठरवलेला असतो. १/२४ मध्ये दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचे ४८, जवळजवळ दोन इंच. बाजारात मिळणाऱ्या रस्त्यावरच्या लोअरिंग स्प्रिंगा बऱ्याचदा २५ ते ४० मिलिमीटरच खाली आणतात. मॉडेलवर ते एक ते पावणेदोन मिलिमीटर होतात. कारखान्यातून निघाल्यासारखी गाडी हवी असेल तर फोटोचं माप पाळा. खाली बसवलेली हवी असेल तर आवडीप्रमाणे ठरवा, पण ठरवून करा.

टायर वजनाने दबण्याचा उल्लेख वर आला म्हणून एक आडवळण घेतो. खरा टायर जमिनीवर चपटा होतो. ६३० मिलिमीटर व्यासाच्या टायरची त्रिज्या ३१५, पण भाराखाली ती साधारण ३०० राहते. मॉडेलचा टायर दबत नाही. म्हणजे सगळी मापं अचूक असूनही मॉडेल खऱ्याच्या मानाने जमिनीपासून सुमारे ०.६ मिलिमीटर वर राहतं, आणि ‘तरंगल्यासारखं’ दिसतं ते यामुळेच. टायरचा तळ सँडपेपरवर अर्धा मिलिमीटर सपाट घासला तर गाडीला वजन आल्यासारखं दिसतं. चारही टायर सारखे घासायचे आणि त्यानंतर चाकं फिरू द्यायची नाहीत एवढीच अट. तुम्हाला चाकं वळती हवी आहेत, फिरती नाही, त्यामुळे हे तुम्हाला चालेल.

अजून एक हिशेब करवत उचलण्याआधी. पुढचं चाक वर गेलं की गाडी मागच्या चाकांभोवती कलते, नुसती खाली येत नाही. दोन चाकांमधलं अंतर १०८ मिलिमीटर धरा (खऱ्या गाडीचं सुमारे २६०० मिलिमीटर). पुढे दोन मिलिमीटर उतरवल्यावर चाकापुढे ३५ मिलिमीटरवर असलेला बंपर २.६ मिलिमीटर उतरतो, आणि मागच्या चाकामागे ४० मिलिमीटरवर असलेलं शेपूट पाऊण मिलिमीटर उचललं जातं. कोन जेमतेम एक अंशाचा, पण डोळ्याला तो लगेच जाणवतो. त्यामुळे पुढचं सगळं मोजमापाने बरोबर करूनही ‘आता मागची बाजू वर गेली’ अशी तक्रार येते. ठरवलेल्या मापाच्या पाऊण भागावर एकदा थांबून गाडी लांबून बघा.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन नसलेल्या बहुतेक जपानी किटमध्ये आणि आजकालच्या बऱ्याच इतर किटमध्ये रचना एकच असते: चॅसीला वर आणि खाली अडकलेला एक उभा तुकडा, ज्याला अपराइट म्हणतात, त्याला बाहेरच्या बाजूला एक खुंटी, आणि चाकाच्या पाठीमागे मऊ प्लॅस्टिकची पॉलिकॅप, जी त्या खुंटीवर दाबून बसते. अपराइट वर-खाली असलेल्या दोन टोकांवर फिरतो आणि आडवी दांडी दोन्ही अपराइट जोडते, म्हणून चाकं एकत्र वळतात. तुम्हाला हे वळणं टिकवायचं आहे. म्हणजे वरचं-खालचं टोक, आडवी दांडी आणि विशबोन यांतलं काहीही हलता कामा नये. फक्त खुंटी अपराइटवर दोन मिलिमीटर वर सरकवायची. खऱ्या गाड्यांमध्येही ही युक्ती वापरतात. स्टब ॲक्सल (चाकाची खुंटी) वर सरकवलेला नवा अपराइट बसवतात, त्यामुळे गाडी खाली येते पण सस्पेन्शनचे कोन जसेच्या तसे राहतात.

खुंटी कापण्याआधी टेम्प्लेट करा, नाही तर जुना मध्य कायमचा हरवेल. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटची एक पट्टी घ्या, तिला खुंटीवर घट्ट बसेल एवढं भोक पाडा, आणि त्या भोकाच्या मध्यापासून बरोबर दोन मिलिमीटरवर सुईने दुसरं बारीक भोक. अपराइट चॅसीत न चिकटवता बसवा, गाडी काचेवर ठेवा आणि अपराइटच्या दर्शनी बाजूवर काचेला काटकोनात उभी रेघ ओढा. ही रेघ अपराइट बसवलेला असतानाच काढायची, कारण बहुतेक अपराइट थोडे मागे कललेले असतात. सुट्या तुकड्याच्या कडेला समांतर वर सरकवलंत तर चाक मागेही सरकतं आणि कमानीच्या मध्यावर बसत नाही. पट्टी खुंटीवर अडकवा, दुसरं भोक रेघेवर आणा, सुई टोचा. पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन्हीकडचं अंतर आपोआप सारखं येतं, आणि या कामात अचूक मापापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा: दोन्ही बाजू १.९ असल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही, एक २ आणि दुसरी १.७ असली तर गाडी एका बाजूला कललेली दिसते.

मग खुंटी बारीक करवतीने मुळाशी कापा आणि कानशीने पातळी सपाट करा. नवं भोक एकदम मोठं पाडू नका. पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलच्या मुठीत) अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल लावून सुरुवात करा, मग एक मिलिमीटर. ड्रिल काटकोनात जाणं अवघड वाटत असेल तर जाड प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात आधी एक सरळ भोक पाडून घ्या आणि तो ठोकळा अपराइटवर धरून त्यातूनच ड्रिल चालवा.

नवी खुंटी नुसत्या प्लॅस्टिकच्या दांडीची करता येते, पण चाक दाबून बसवताना ती हमखास तुटते. मी एक मिलिमीटरची पितळी तार अपराइटच्या आरपार घालतो आणि तिच्या बाहेरच्या भागावर जुन्या खुंटीच्या व्यासाची प्लॅस्टिकची नळी चढवतो, म्हणजे पॉलिकॅप आधीसारखीच घट्ट बसते. तार चिकटवायला पाच मिनिटांचं इपॉक्सी बरं. सुपरग्लू धरतो झटकन आणि नेमका तेव्हाच तार तिरकी असल्याचं दिसतं. शिवाय त्याच्या वाफेने काच आणि क्रोम धुरकट होतात, आणि तुमच्या गाडीत काचा बसवून झाल्या असतील. प्लॅस्टिकच्या सिमेंटचा धातूला उपयोग नाही, आणि पॉलिकॅपवर तर कुठलंच नेहमीचं गोंद टिकत नाही.

किती खाली आणायचं याबद्दल अजून मन ठरत नसेल तर गोल भोकाऐवजी तीन मिलिमीटर लांबीची उभी खाच करा. तार खाचेत वर-खाली सरकवून हवी तिथे मऊ गोळ्याने तात्पुरती धरता येते. ठरलं की खाचेचा उरलेला भाग प्लॅस्टिकच्या तुकड्याने भरून टाका. अपराइट वरच्या बाजूला आखूड पडत असेल तर त्याच्या आतल्या पाठीला एक मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवून तो उंच करून घ्या. चाकामागे ती दिसत नाही. ब्रेकची डिस्क वेगळी असेल तर ती खुंटीबरोबर वर येते, पण ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला धरणारा भाग) अपराइटवर साच्यातूनच आलेला असेल तर तो जुन्या जागीच राहतो आणि डिस्कशी जुळत नाही. उघड्या आऱ्यांच्या रिममधून हे दिसतं. कॅलिपर कापून तितकाच वर चिकटवा.

मॅकफर्सन स्ट्रटची रचना (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) असेल तरी पद्धत हीच, कारण खुंटी स्ट्रटच्या खालच्या भागावर असते. काही जण स्ट्रटच मधून आखूड करतात. तेव्हा खालचा हात बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो, आणि स्प्रिंग बदलून खाली आणलेली खरी गाडी खरोखर तशीच दिसते, हे त्याचं कौतुक. पण आडव्या दांडीची पातळी बिघडते, वळणं अडखळतं, आणि वरच्या टॉवरमध्ये स्ट्रट नीट बसेनासा होतो. गाडी उलटी करून दाखवायची असेल आणि चाकं सरळच ठेवायची असतील तर करा, तुमच्यासाठी नाही.

ज्यांच्याकडे जुनी अमेरिकन १/२५ ची किटं आहेत त्यांचा प्रश्न वेगळा असतो. तिथे पुढे एकच पोलादी दांडी आडवी जाते, अनेकदा थेट इंजिनच्या ठोकळ्यातल्या भोकातून. दांडीचं भोक वरच्या बाजूला खाचेसारखं वाढवायचं, दांडी वर ढकलायची आणि खालून तुकडे भरायचे. इंजिन आड येत असेल तर दांडी मधून कापून दोन आखूड तुकडे करायचे आणि चॅसीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या धातूच्या नळ्यांत बसवायचे. या नळ्या एका रेषेत राहण्यासाठी चिकटवताना अखंड दांडी दोन्हीतून घालून ठेवा, इपॉक्सी पूर्ण वाळलं की मगच कापा.

कमानपाट्यांवरचा अखंड ॲक्सल, म्हणजे ट्रक, जीप किंवा जुनी हॉट रॉड, यात एक गल्लत कायम होते. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर दोघांमध्ये ठोकळा घातल्याने गाडी उंच होते. ॲक्सल पाट्याच्या वर असेल तर तोच ठोकळा गाडी खाली आणतो. पाटा वर असलेल्या गाडीत ॲक्सल पाट्याच्या वरच्या बाजूला नेला तर एकदम पाट्याच्या आणि ॲक्सलच्या जाडीइतकी गाडी उतरते, जे बहुधा गरजेपेक्षा जास्त असतं. थोडंच हवं असेल तर पाट्यांची कमान गरम पाण्यात सैल करून सपाट करा. हॉट रॉडमध्ये मधून खाली झुकलेला आणि टोकांना वर वळलेला ॲक्सल वापरतात, तो दिसायलाही सुंदर असतो.

फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत पुढे दोन आडव्या नळ्या आणि त्यांतून मागे येणारे हात असतात. खरी गाडी खाली आणताना नळ्यांतल्या टॉर्शन पट्ट्या (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या) फिरवून हात वर उचलतात. मॉडेलमध्ये हात कापून वरच्या कोनात चिकटवता येतात, पण तेव्हा चाक किंचित पुढे-मागे सरकतं. इथेही खुंटी सरकवणं मला जास्त पसंत आहे.

उलटं काम, म्हणजे नाक वर न्यायचं, ते फार सोपं. पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकन ड्रॅग शर्यतींतल्या ‘गॅसर’ गाड्या मुद्दाम पुढून उंच असत, सुटताना वजन मागच्या चाकांवर जावं म्हणून. त्यांना पुढचं सस्पेन्शन काढून सरळ ॲक्सल लावत, आणि मॉडेलमध्येही तेच करायचं असतं.

खुंटी जागेवर बसली की अडथळे सुरू होतात, आणि खरा वेळ इथे जातो. प्लॅस्टिकचं मडगार्ड सुमारे एक मिलिमीटर जाड असतं. खऱ्या गाडीच्या हिशेबात ते २४ मिलिमीटर जाडीचं पोलाद झालं, प्रत्यक्षात पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ही जाडी सगळी आतल्या बाजूला असते, म्हणजे टायरला जागा हवी नेमकी तिथेच. कमानीची आतली कड गोल कानशीने तिरकी घासा, बाहेरून पाहिलं की ती धारेसारखी पातळ दिसली पाहिजे. जागा तर मिळतेच, शिवाय मडगार्ड पत्र्याचं वाटायला लागतं. उजेडासमोर धरून घासा. रंगातून उजेड झिरपायला लागला की थांबा. बॉडी रंगवून झाली असेल तर कडेवर मास्किंग टेपचे दोन थर द्या आणि कानस नेहमी बाहेरून आत ओढा, आतून बाहेर ओढली तर रंगाचे टवके उडतात.

मग आतलं मडगार्ड. चॅसीबरोबर आलेल्या घुमटासारख्या भागाला टायर वरून टेकत असेल तर तो भाग आतून पातळ करा, किंवा सरळ कापून तिथे पातळ शीट लावा. टायरचा माथा कमानीच्या कडेत अडकत असेल तर दोन मार्ग आहेत. एक, चाकाच्या पाठीमागची बाजू घासून चाक अर्धा मिलिमीटर आत घ्यायचं; यापेक्षा जास्त घेतलं तर चाक बॉडीत बुडाल्यासारखं दिसतं. दुसरा, खुंटीचं बाहेरचं टोक किंचित वर उचलून टायरचा माथा आत कलवायचा. खाली बसवलेल्या खऱ्या गाडीतही असा कल येतो. २६ मिलिमीटरच्या टायरला दोन अंश कल दिला तर माथा तळाच्या मानाने ०.९ मिलिमीटर आत जातो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. रस्त्यावरच्या साध्या गाडीला दोन अंशांपुढे कल शोभत नाही, आणि सपाट घासलेला टायर असेल तर घासताना हाच कोन धरावा लागेल.

चाकं पूर्ण वळवून पाहा. सरळ असताना न अडणारा टायर वळल्यावर मडगार्डच्या पुढच्या कोपऱ्याला किंवा चॅसीच्या मधल्या दांड्याला अडतो. पूर्ण वळण वाचवण्यासाठी सगळं खरवडत बसू नका. मॉडेलची चाकं १५ अंश वळली तरी बघणाऱ्याला भरपूर वाटतात. आडव्या दांडीच्या मागे दोन्हीकडे छोटे तुकडे चिकटवून तिची चाल तिथेच रोखा, म्हणजे कुणी जोरात वळवलं तरी टायर रंगाला घासणार नाही. टायरचं मऊ व्हायनिल रंगाला किंवा प्लॅस्टिकला महिनोन्महिने टेकून राहिलं तर त्यातलं तेलकट द्रव्य रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं. म्हणून कागदाच्या जाडीइतकी तरी जागा सगळीकडे मोकळी ठेवा.

शेवटचं चिकटवणं हातात धरून करू नका. मागची चाकं आधी पक्की करा. चॅसीच्या पुढच्या भागाखाली पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्या एकावर एक रचून हवी तेवढी उंची तयार करा, चॅसी त्यावर टेकवा, आणि मगच टायरसकट पुढची चाकं काचेला टेकतील अशी बसवून इपॉक्सी वाळू द्या. उंची अशी पट्ट्यांनी ठरते, तुमच्या डोळ्याने किंवा हाताच्या थरथरण्याने नाही. बॉडी वर ठेवून एकदा बघा, हवी तर एक पट्टी काढा किंवा घाला. खाच पद्धत केली असेल तर हे फारच सोयीचं पडतं. रात्रभर तसंच राहू द्या. पाच मिनिटांचं इपॉक्सीही भार घ्यायला काही तास मागतं.

तुमच्या गाडीत अपराइट आधीच चिकटवून झाले असतील तर ते कशाने चिकटवले त्यावर सगळं अवलंबून आहे. सुपरग्लू असेल तर चॅसी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा; गारठ्यात तो ठिसूळ होतो आणि पातळ सुरीच्या हलक्या दाबाने सांधा कडकन सुटतो. ॲसिटोन लावू नका, सुपरग्लूच्या आधी प्लॅस्टिकच विरघळेल. सिमेंट वापरलं असेल तर दोन्ही तुकड्यांचं प्लॅस्टिक एकजीव झालेलं असतं, तिथे सोडवणं नाही. पण तुम्हाला अपराइट काढायचीच गरज नाही: चाकं उपसून काढा, खुंटी जागेवरच कापा, आणि ड्रिल बाहेरून चालवा. टेम्प्लेट खुंटी कापण्याआधीच करायचं म्हटलं त्याचा इथेही फायदा होतो.

सगळं वाळल्यावर गाडी काचेवर ठेवा आणि प्रत्येक टायरखाली कागदाची बारीक पट्टी सरकवून ओढा. चारही पट्ट्या सारख्याच अडखळत निघाल्या तर काम झालं. एखादी सुळकन निघाली तर ते चाक अधांतरी आहे. अशा वेळी मन पुढच्या चाकाकडेच धावतं, कारण काम तिथेच केलेलं असतं. पण चार पायांची कोणतीही वस्तू डुगडुगते तेव्हा कुठल्याही एका पायाने ती स्थिर करता येते, आणि मागच्या चाकावर तीन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झालेले पुढच्यापेक्षा कमी दिसतात. मागच्या ॲक्सलचं एक टोक सैल करून, गाडीवर थोडं वजन ठेवून, तिथेच पुन्हा चिकटवा.